मुक्या सोबत्याची माती

प्रस्तावना

घरातील माणूस गेले म्हणजे भावकी जमते, शेजारी खांदा देतात, तेरा दिवस घर भरलेले असते. घरातील जनावर गेले तर? कोणी दारात डोकावतो, 'किती वर्षांचे होते?' एवढे विचारतो आणि आपल्या कामाला जातो. ज्याने रोज पहाटे त्या घोड्याला खरारा केला, त्याच्या तोंडाला तोबरा बांधला, त्याच्या आजारपणात रात्र जागून काढली, त्याने आपले दुःख कोठे ठेवावे? जाणत्या माणसाने घोड्यासाठी रडावे काय? हा प्रश्न आजचा वाटला तरी तो एक हजार वर्षांहून जुना आहे, आणि त्याचे एक उत्तर बेंगळुरू शहरात दगडावर कोरलेले आहे. तेथूनच या पाठाचा आरंभ करू.

हा पाठ अभ्यासल्यानंतर पाळीव प्राण्याची स्मृती जपण्याच्या निरनिराळ्या रीतींची माहिती तुम्हाला सांगता येईल, अश्वविद्येतील काही जुन्या मराठी शब्दांचा अर्थ समजेल, आणि स्वतःचा एखादा अनुभव संयत भाषेत लिहिता येईल.

मूळ पाठ

आतकूरची शिळा

बेंगळुरूच्या कस्तुरबा रस्त्यावर शासकीय संग्रहालयाची लाल रंगाची जुनी इमारत आहे. ती १८७७ साली बांधून झाली. या संग्रहालयाच्या ठेव्यात एक शिळा आहे. तिच्यावर जुन्या कन्नड भाषेतील लेख आहे आणि लेखाच्या सोबत एक चित्र कोरलेले आहे. या चित्रात राजा नाही, देवता नाही. एक कुत्रा आणि एक रानडुक्कर परस्परांना भिडलेले आहेत. ही शिळा मूळची आजच्या मंड्या जिल्ह्यातील आतकूर या गावची. तिचा काळ इ. स. ९४९-५० हा आहे.

त्या काळी दख्खनवर राष्ट्रकूटांचे राज्य होते. वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्याने खोदविले, तेच हे घराणे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि चोळ यांच्यात तक्कोलम येथे मोठी लढाई झाली. तीत चोळ राजपुत्र राजादित्य मारला गेला. गंग घराण्यातील राजा दुसरा बूतुग हा कृष्णाचा मेहुणा होता. तो या लढाईत कृष्णाच्या बाजूने लढला. बूतुगाच्या पदरी मणलेर नावाचा एक वीर होता. त्याचा पराक्रम पाहून बूतुग प्रसन्न झाला आणि 'हवे ते माग' असे त्याला म्हणाला.

अशा वेळी माणूस काय मागतो? गाव मागतो, सोने मागतो, मानाचे पद मागतो. मणलेराने राजाचा काळी नावाचा शिकारी कुत्रा मागितला. राजाने तो दिला.

पुढे बेळतूर गावाच्या पश्चिमेकडील टेकडीवर हा कुत्रा एका प्रचंड रानडुकरावर सोडण्यात आला. दोघेही झुंजले आणि दोघेही एकाच वेळी मरण पावले. मणलेराने आतकूर येथील चल्लेश्वराच्या देवळासमोर कुत्र्याच्या स्मरणार्थ शिळा उभी केली. तिच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. शिळेची पूजा केल्याविना पुजाऱ्याने अन्न घेऊ नये, अशी ताकीदही लेखात घातली. तक्कोलमच्या लढाईविषयी इतिहासाला जी माहिती आहे, तिच्यातील फार मोलाचा भाग याच शिळेवरून मिळाला आहे. म्हणजे एका कुत्र्याच्या मरणाची नोंद करताना एका साम्राज्याची नोंद जाता जाता झाली! इतिहासकारांना साम्राज्य महत्त्वाचे वाटते, यात नवल नाही. शिळा उभारणाऱ्याला काय महत्त्वाचे वाटले होते, हे मात्र तिच्यावरील चित्रच सांगते.

महाराष्ट्रातही गावाच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात असे दगड उभे असतात. त्यांना आपण वीरगळ म्हणतो. या शब्दातील 'गळ' म्हणजे कन्नड 'कल्', म्हणजेच दगड. गाईगुरांचे रक्षण करताना किंवा लढाईत पडलेल्या वीराचे हे स्मारक. अनेक वीरगळांवर घोडे कोरलेले दिसतात; पण ते स्वाराच्या मांडीखाली असतात. स्वार वीरगती पावून स्वर्गात जातो, अप्सरा त्याला घेऊन जातात. घोड्याचे पुढे काय झाले, ते दगड सांगत नाही. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या समाधीच्या परिसरात त्यांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी दाखवितात. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचविले, अशी कथा सांगतात. आणि घोड्याचे म्हणाल तर राजस्थानात हळदीघाटीजवळ महाराणा प्रतापांच्या चेतकाचा चबुतरा आहे. तेवढे सोडले तर ज्या प्राण्याच्या पाठीवर आपला निम्मा इतिहास घडला, त्याच्या समाध्या शोधू जाता हाती थोडेच लागते.

पाठगत प्रश्न : मणलेराने राजाकडे कोणते दान मागितले? त्यावरून त्याच्या स्वभावाविषयी तुम्हाला काय वाटते?

घोडा गेला म्हणजे काय जाते?

बेंगळुरू आणि घोडे यांचे नाते जुने आहे. विजापूरच्या आदिलशाहीकडून शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली आणि १६३८ नंतर ते तेथे राहिले. त्यांचा अंतही घोड्यावरूनच झाला. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्याचा पाय अडकला आणि राजे खाली कोसळले. त्यांची समाधी तेथेच आहे. पुढे १८२४ साली इराणातील शिराज येथून आगा अली अस्कर हा व्यापारी घोडे घेऊन बेंगळुरूत आला. इंग्रज अधिकाऱ्यांना व म्हैसूरच्या दरबारला त्याने घोडे विकले आणि तो तेथेच स्थायिक झाला. त्याच्या नावाचा रस्ता शहरात अद्याप आहे. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल हे त्याचे नातू.

परंतु सरदारांच्या व व्यापाऱ्यांच्या घोड्यांपेक्षा साध्या शिपायाच्या घोड्याकडे पाहिले म्हणजे या प्राण्याचे खरे मोल कळते. मराठी फौजेत घोडेस्वार दोन प्रकारचे असत. ज्याचा घोडा व हत्यार सरकारचे, तो बारगीर. ज्याचा घोडा व हत्यार स्वतःचे, तो शिलेदार. शिवकालात सरकारी पागेतील पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. म्हणजे पाणी आणि नाल यांची काळजी सरकार वाही. शिलेदाराला मात्र सारे आपले आपण पाहावे लागे. घोडा हे त्याचे भांडवल, त्याचा मान आणि त्याच्या मुलांची भाकर. घोडा मेला आणि दुसरा घेण्याची ऐपत नसली, तर कालचा शिलेदार आज दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसे. 'शिलेदार' या शब्दावरूनच पुढे इंग्रजांच्या हिंदी घोडदळातील 'सिल्लादार' पद्धतीला नाव पडले. तीतही स्वार आपला घोडा स्वतः आणीत असे. पहिल्या महायुद्धानंतर ती पद्धत बंद झाली.

आजही टांगा हाकणारा, वीटभट्टीवर माती वाहणारा किंवा लग्नाच्या वरातीसाठी घोडी ठेवणारा मनुष्य शिलेदारच आहे. त्याचा घोडा जातो तेव्हा सोबती जातो आणि रोजगारही जातो. दुःख करायलाही त्याला फुरसत नसते, कारण दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची असते. अशा माणसाला 'एक जनावरच तर गेले' असे म्हणणे किती अपुरे आहे, हे निराळे सांगायला नको.

घराच्या कुरणात एक कबर

आता एका निराळ्या घोड्याची हकिकत पाहू. तिचा धागा आपल्या मुलखातून निघतो आणि सातासमुद्रापार जातो.

आर्थर वेलस्ली हा इंग्रज सेनानी १७९७ ते १८०५ या काळात हिंदुस्थानात होता. श्रीरंगपट्टण पडल्यावर म्हैसूर प्रांतातील फौजेची सूत्रे त्याच्याकडे आली. त्याच्याजवळ डायोमीड नावाचा एक अरबी घोडा होता. तो त्याने विकत घेतला नव्हता. कर्नल ॲस्टन नावाचा त्याचा एक मित्र १७९८ च्या डिसेंबरात द्वंद्वयुद्धात जखमी झाला आणि मरताना त्याने आपला घोडा वेलस्लीच्या स्वाधीन केला. मृत्युशय्येवरील माणूस आपल्या मागे घोड्याचे काय होईल याची चिंता करतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांच्या फौजा यांची लढाई झाली. मराठी मनाला ही लढाई सुखाची नाही. दोन्ही बाजूंची अपार हानी झाली. वेलस्लीच्या मांडीखालचा एक घोडा गोळी लागून पडला. दुसरा डायोमीड, त्याच्या छातीत भाला घुसला. असईच्या मातीत त्या दिवशी पडलेल्या शिंद्यांच्या घोड्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. जिंकणाऱ्याच्या घोड्याचे नाव राहते, हेही इतिहासाचे एक अंग आहे.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. स्पेन-पोर्तुगालच्या मोहिमेत त्याच्याकडे एक तांबूस रंगाचा घोडा आला. त्याचे नाव कोपनहेगन. १८०८ साली जन्मलेल्या या घोड्याची आई कोपनहेगनच्या वेढ्यात लष्कराबरोबर होती, म्हणून हे नाव. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या रणांगणावर वेलिंग्टन दिवसभर याच एका घोड्यावर होता. रात्री उशिरा तो उतरला आणि त्याने कौतुकाने घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. घोड्याने अशी सणसणीत लाथ झाडली की नेपोलियनच्या तोफांतून वाचलेला सेनापती आपल्याच घोड्याच्या टापेने जायचा! इतक्या तासांच्या दौडीनंतरही त्या प्राण्यात रग शिल्लक होती.

यापुढची हकिकत रणांगणाची नाही, घराची आहे. इंग्लंडमधील स्ट्रॅटफील्ड से या ड्यूकच्या वाड्याच्या कुरणात कोपनहेगनने म्हातारपण काढले. ड्यूकची पत्नी त्याला स्वतःच्या हाताने पाव भरवी. त्याच्या केसांची तिने हातातली साखळी करून घेतली होती. १२ फेब्रुवारी १८३६ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, घोडा मेला. वाड्याच्याच आवारात, बर्फघराजवळच्या कुरणात, लष्करी मानवंदना देऊन त्याला पुरण्यात आले.

पुरण्याच्या वेळी सहासष्ट वर्षांच्या ड्यूकच्या ध्यानात आले की घोड्याचा एक खूर कोणीतरी कापून नेला आहे. तो संतापाने लाल झाला. आठवण म्हणून काही जवळ ठेवावे असे ज्याने खूर नेला त्यालाही वाटले असेल, आणि देह अखंड मातीत जावा असे मालकाला वाटत होते. दोन्ही भावना प्रेमाच्याच. पण त्यांची तेथे टक्कर झाली. पुढे तो खूर ड्यूकच्या मुलाकडे परत आला आणि त्याने त्याची दौत करून घेतली. बापाला हे रुचले असते की नाही, कोण जाणे.

आणखी एक प्रसंग झाला. नेपोलियनच्या मारेंगो या घोड्याचा सांगाडा लंडनच्या एका संग्रहालयात ठेवलेला होता. त्याच्या शेजारी कोपनहेगनचा सांगाडा उभा करावा, अशी मागणी ड्यूककडे आली. घोडा नेमका कोठे पुरला आहे हे आपल्याला नक्की ठाऊक नाही, असे सांगून त्याने ती टाळली. एवढा शिस्तीचा सेनापती! त्याला जागा ठाऊक नव्हती यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. मित्राला लोकांच्या नजरेपुढे हाडे करून उभे करायचे नाही, म्हणून तो बहुधा खोटे बोलला. आणि हे खोटे त्याला शोभून दिसते. १८४३ साली वाड्यातील कारभारणीने त्या कबरीजवळ ओकचे बी लावले. त्याचा मोठा वृक्ष झाला. नाव कोरलेला दगड मात्र ड्यूकच्या मृत्यूनंतर, त्याच्या मुलाने बसविला.

पाठगत प्रश्न : सांगाड्याची मागणी ड्यूकने कोणत्या शब्दांत टाळली? त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?

जे घरी परतले नाहीत

बेंगळुरूच्या जयचामराजेंद्रनगर भागात म्हैसूर लान्सर्स या घोडदळाचा स्मारकस्तंभ आहे. या पलटणीने जोधपूरच्या स्वारांसमवेत पहिल्या महायुद्धात हैफा हे बंदर जिंकले. समोर यंत्रतोफा आणि हाती भाले, अशी ती चाल होती. दिवस होता २३ सप्टेंबर १९१८. असईच्या लढाईचीच तारीख, एकशे पंधरा वर्षांनंतरची. त्या दिवशी आठ जण कामास आले व चौतीस जखमी झाले. घोडे मात्र साठ मेले आणि त्र्याऐंशी जखमी झाले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात १९२२ साली या वीरांचे स्मारक उभे राहिले. त्यात पुतळे तीन आहेत, तिन्ही पायउतार शिपायांचे.

युद्ध संपल्यावर जगलेल्या घोड्यांचे नशीब तरी निराळे होते काय? ऑस्ट्रेलियाने एक लाखाहून अधिक घोडे परदेशी रणांगणांवर पाठविले. रोगराईचे भय आणि जहाजाचा खर्च यांमुळे त्यांना परत नेण्याची बंदी झाली. मायदेशी पोहोचला तो एकच, सँडी नावाचा. त्याचा स्वार जनरल ब्रिजेस १९१५ मध्येच गॅलिपोलीच्या जखमांनी गेला होता. बाकीचे काही गोळी घालून संपविले, काही हिंदी घोडदळाकडे सोपविले. ब्रिटिश फौजेचे कितीतरी घोडे इजिप्तमध्ये विकले गेले. बारा वर्षांनी, १९३० साली, डोरोथी ब्रुक ही इंग्रज बाई कैरो शहरात आली, तेव्हा लष्कराची खूण अंगावर असलेले म्हातारे घोडे तिला दगडांच्या गाड्या ओढताना दिसले. तिने वर्तमानपत्रात पत्र लिहून पैसे जमविले आणि असे हजारो घोडे विकत घेतले. त्यांतील बहुतेक इतके झिजले होते की त्यांना चार दिवस चारापाणी आणि विश्रांती देऊन वेदनेविना मरण द्यावे लागले. १९३४ मध्ये तिने तेथे दवाखाना काढला. तिच्या नावाची संस्था आजही कष्टकरी घोडे-गाढवांसाठी काम करते.

माती देताना

घोडा सर्वसाधारणपणे पंचवीस-तीस वर्षे जगतो. म्हणजे घरातील मुलगा शाळेत जाऊ लागला तेव्हा आलेले शिंगरू त्याच्या मुलाच्या बारशापर्यंत दारात असते. घोड्याला ओकारी करता येत नाही; त्यामुळे पोटशूळ हा त्याचा मोठा वैरी. धडधाकट घोडा एका रात्रीत त्याने जातो. कधी पशुवैद्य सांगतो की आता इलाज नाही. त्या वेळी मालकाला जो निर्णय करावा लागतो तो सर्वांत कठीण. असह्य यातना होत असलेल्या जनावराला सुखाने मरू देण्याची तरतूद आपल्या १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यातही आहे. आपण सोबत्याला मारले, अशी टोचणी पुष्कळांना पुढे लागून राहते. वास्तविक शेवटपर्यंत त्याच्या डोक्याशी बसून राहिलेल्या माणसाने आपले कर्तव्य सोडलेले नसते.

घोड्याचा देह तीनशे-चारशे किलोंचा असतो. त्याला चार माणसांचा खांदा पुरत नाही. खड्डाही आता बहुधा यंत्राने खणावा लागतो. स्वतःची शेतजमीन असल्यास गावच्या पंचायतीला विचारून, विहीर, ओढा व वस्ती यांपासून दूर, पाणी न लागणाऱ्या उंच जागी खड्डा घ्यावा. तो इतका खोल असावा की देहावर किमान तीन-चार फूट माती बसेल. नाहीतर कुत्री, कोल्ही ती उकरतात. लगाम, मोहरकी, नाल काढून घ्यावेत. बेंगळुरूसारख्या शहरात घराच्या आवारात हे शक्य नसते. तेथे महापालिकेलाच कळवावे लागते. आणि एक गोष्ट सर्वांत आधी करावी : जनावर का मेले हे पशुवैद्याकडून समजून घ्यावे. ते एकाएकी मेले आणि नाकातोंडातून रक्त आले असेल तर फाशी, म्हणजे काळपुळी, या रोगाचा संशय धरावा. अशा देहाची चिरफाड करू नये, कातडे काढू नये. घोड्यांचा ग्लँडर्स हा रोगही माणसाला होतो; तो आढळल्यास शासनाला कळविणे २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे. अशा वेळी अखेरचा हात फिरविण्याचा मोह आवरावा लागतो, आणि ते फार जड जाते.

दारात दुसरे घोडे असेल तर त्याचाही विचार करावा. सोबती नाहीसा झाला की ते हाका मारीत राहते, चाऱ्याला तोंड लावीत नाही, रिकाम्या जागेकडे पुन्हा पुन्हा वळते. रोगाची भीती नसेल तर अनुभवी मोतद्दार त्याला मेलेल्या सोबत्याजवळ नेतात. ते मान खाली घालते, हुंगते, एखादे वेळी पायाने हलवून पाहते. मग थोड्या वेळाने आपण होऊनच बाजूला होते आणि गवताकडे वळते.

शब्दार्थ

खरारा : घोड्याचे अंग घासण्याचे दातेरी साधन. तोबरा : दाणा भरून घोड्याच्या तोंडाला बांधायची पिशवी. मोतद्दार : घोड्याची निगा राखणारा नोकर. पागा : घोडे बांधण्याची जागा. पखालजी : कातडी पखालीतून पाणी पुरविणारा. नालबंद : घोड्याच्या खुराला नाल ठोकणारा. मोहरकी : जनावराच्या तोंडाभोवतीची दोरी. शिंगरू : घोड्याचे पिल्लू.

स्वाध्याय

१. बारगीर आणि शिलेदार यांतील फरक सांगा. घोडा मेल्यावर शिलेदाराची स्थिती कशी होई?

२. 'जिंकणाऱ्याच्या घोड्याचे नाव राहते' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

३. खूर कापून नेणारा आणि त्यावर संतापलेला ड्यूक, यांपैकी तुम्हाला कोणाची बाजू पटते? आठ-दहा ओळींत लिहा.

४. तुमच्या गावाच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात वीरगळ असल्यास तो पाहून या. त्यावर काय कोरले आहे त्याचे वर्णन करा.

५. तुमच्या घरी किंवा शेजारी असलेल्या, आता नसलेल्या एखाद्या जनावराविषयी पंधरा ओळी लिहा. त्याचे नाव, त्याच्या सवयी आणि त्याची जागा यांचा उल्लेख करा.